सोड म्हटलं की सोडायचं

१९ ऑगस्ट

आज तालुक्याची सॉफ्टबॉल स्पर्धा होती. आम्ही जिंकलो, चौदा-तीन. एकही बॉल न मारता जिंकलो, हे लिहिताना हसू येतंय आणि थोडी लाजही वाटतेय.

समोरच्या शाळेच्या पिचरला बॉल धड टाकता येत नव्हता. पिचरने बॉल प्लेटवरून, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पाटीवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यात टाकायचा असतो. चार बॉल पट्ट्याबाहेर गेले की बॅटर काही न करता पहिल्या बेसवर जाते. पट्ट्यातले तीन सोडले किंवा हुकले, तर मात्र ती बाद. म्हणून माझा पोरींना एकच नियम आहे. मी सोड म्हटलं की सोडायचं. बॅट खांद्यावर, तोंड बंद, जागेवर उभं. आज आमच्या पोरी रेशनच्या रांगेत निघाल्यासारख्या एकामागून एक चालत बेसवर गेल्या आणि बेस फिरून चालतच घरी, म्हणजे प्लेटवर, परतल्या; एक परतली की एक गुण. समोरची पिचर शेवटी रडायला लागली.

मुख्याध्यापक भगवानराव सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सविता मॅडमनी काय डोकं लढवलंय, म्हणाले. मी मान खाली घालून हसले. डोकं कसलं, ही भीती आहे. हे मी फक्त इथेच लिहीन.

गेल्या नोव्हेंबरात परभणीच्या मैदानावर मी राजेश्रीला 'मार' म्हणून ओरडले. पिचरच्या हातून बॉल सुटत होता आणि मी गळा काढून ओरडले, "राजेश्री, मार!" बॉल हेल्मेटच्या खाली जबड्यावर बसला. पुढचे दोन दात गेले, जबडा सहा आठवडे तारेने बांधून ठेवावा लागला. तो आवाज अजून कानात आहे. ती एवढी तरबेज पोरगी, तिने ऐनवेळी मान का वळवली ते मला आजवर कळलेलं नाही. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता. तेव्हापासून मी 'मार' म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

२४ ऑगस्ट

राजेश्री आज पुन्हा कुंपणाशी उभी होती. ती आता मानवतलाच अकरावीला आहे. कॉलेजमधून सुटताना सायकल लिंबाला टेकवते, स्कार्फ नाकापर्यंत बांधलेला, आणि आमचा सराव बघत बसते. काल आली होती, परवाही.

मी पोरींना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेलं. तिथे काळी माती चिकट आहे, बुटाला दोन-दोन किलो लागते, पोरी कुरकुरल्या. मी सांगितलं की तिकडे ऊन कमी आहे. दैवशाला म्हणाली, मॅडम ऊन तर सगळीकडं सारखंच हाय. ही पोरगी शेंडेफळ, घरच्यांनी लाडावून ठेवलीये, तोंडाला फाटक नाही.

राजेश्रीच्या घरी मी कित्येक महिन्यांत गेलेले नाही. अपघातानंतर एकदाच गेले होते. राजेश्रीची आई सगुणाबाई एक शब्द बोलली नाही, फक्त पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ती मला चार शिव्या देती तर बरं झालं असतं. राजेश्री माझ्याकडे रोज बघते, तिला काय म्हणायचंय ते मला कळतं. ते ऐकायची माझी छाती नाही.

सराव संपल्यावर निकिता तिच्याबरोबर गेली. निकिता दहावीतली, आमची सगळ्यात चांगली बॅटर. घरी मेंढरं आहेत, पाथरी रस्त्याला त्यांचं वाडगं आहे आणि राजेश्रीचं घरही त्याच वाटेवर. एक सायकलवर, दुसरी बाजूने पळत. राजेश्री तिचे कान भरत असणार.

३० ऑगस्ट

भगवानराव सरांनी परवा बोलावून घेतलं, म्हणाले: जिल्ह्याला पिचर सरळ बॉल टाकतात मॅडम, तिथं नुसतं सोडून भागणार नाही, मारायचा पण काहीतरी इशारा ठेवा. आणि ओरडू नका, मागच्या वेळी अंपायरने नाराजी दाखवली होती. सर खेळातले नाहीत, पण बोलले ते खरं होतं.

दोन दिवस विचार केला आणि आज पोरींना इशारे सांगितले. पदर कमरेला खोचलेला असेल तर सोड. पदर डोक्यावर असेल तर मार.

हा इशारा मी मुद्दाम निवडला. मैदानावर मी डोक्यावर पदर कधीच घेत नाही. सकाळी शाळेत आले की पदर कमरेला जातो तो घरी जाईपर्यंत तिथेच. म्हणजे चुकूनसुद्धा 'मार' जाणार नाही. सरांचं समाधान, माझंही समाधान. अशी चलाखी मला कुठून सुचते कोण जाणे.

पोरी फिदीफिदी हसल्या. दैवशालाने ओढणी डोक्यावर घेऊन नव्या नवरीसारखं मुरडून दाखवलं. निकिता एकटी हसली नाही. तिने विचारलं, मॅडम, बॉल यायलाय तवा पदर कसा बघायचा? मी म्हटलं, त्याच्या आधी बघायचा. तिने बरं म्हटलं आणि बॅट उचलून गेली. या पोरीला प्रश्न फार पडतात.

३ सप्टेंबर

आज सरावात नको ते झालं.

दैवशाला बॅटिंगला होती. पदर खोचलेला होता, म्हणजे सोड. आमच्याच पिचरचा बॉल निसटला आणि थेट तिच्या अंगावर गेला. ती हललीच नाही. खांबासारखी उभी राहिली आणि बॉल दंडावर घेतला. एवढी मोठी वाटी उमटावी तसा निळा डाग आलाय. मी धावत गेले, आधी तिचं तोंड तपासलं, दात मोजले, मग दंड बघितला. पोरी म्हणाल्या, मॅडम, दंडाला लागलंय, तोंडाला नाही.

मी विचारलं, अगं बाजूला का नाही झालीस? ती रडत रडत म्हणाली, "तुमी सोड म्हणलात ना मॅडम. सोड म्हणजे हलायचं न्हाई."

मी असं कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? आठवून बघते तर जागेवर उभं राहायचं हे माझंच वाक्य आहे. आता नवा नियम केला, सोडायचं पण एक पाऊल मागे सरकून. आजपासून सगळ्याजणी प्लेटपासून हातभर लांब उभ्या राहतात. तिथून बॅट पोचणारच नाही, पण बॉलही पोचणार नाही.

घरी जेवण गेलं नाही. माझे यजमान परमेश्वर म्हणाले, एवढा धसका घ्यायचा असेल तर सोड तो खेळ, लंगडी शिकव. नवऱ्याला चेष्टा सुचते. मी आत जाऊन थोडी रडले. मला माहीत आहे की पुन्हा एखादीला लागणार आहे. कुणाला आणि कधी, एवढंच माहीत नाही.

११ सप्टेंबर

शाळेकडे दोन हेल्मेट आहेत, दोन्हींना तोंडापुढे जाळी नाही. मी एक वेल्डिंगवाल्याकडे नेलं आणि गज बसवून आणले. निकिताने घालून बघितलं. म्हणाली, कोंडवाड्यातून बघितल्यावाणी वाटायलंय. बॉल दिसतच नाही म्हणे. शिवाय मानेला वजन होतं. हेल्मेट आता कपाटावर पडून आहे आणि सगळी शाळा त्याला सविता मॅडमचा पिंजरा म्हणते.

निकिता मात्र शहाणी आहे. सरावात मी पदर सारखा करते, पुन्हा घट्ट खोचते, बाकीच्या पोरी सारख्या वळून बघतात. निकिता एकदा प्लेटवर उभी राहिली की माझ्याकडे वळूनही बघत नाही, इतका नियम तिच्या अंगात मुरलाय. चार-चार बॉल शांतपणे सोडते. पाऊल मागे घ्यायला तेवढी विसरते, रोज सांगावं लागतं.

राजेश्री येतेच आहे. आज तिने हात वर केला. मला की निकिताला कळलं नाही. मी पाठ फिरवली.

२६ सप्टेंबर

परभणी. जिल्हा स्पर्धा. सगळं नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

फायनलला समोरची पिचर उंच होती आणि बॉल असा टाकायची की प्लेटमागे बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात फटाका फुटावा. आमच्या पोरी हातभर लांब उभ्या राहून एकामागून एक बाद झाल्या. शेवटच्या डावात तिचा हात थकला, बॉल वर-खाली जायला लागला आणि आम्हाला पुन्हा फुकटचे बेस मिळाले. आमचे पाच, त्यांचे सहा, एकाने मागे होतो. तिन्ही बेसवर आमच्या पोरी, दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की खेळ संपला, आणि बॅटिंगला निकिता.

मी पदर कमरेला असा आवळला की श्वास घेता येईना. सोड. पिचर थकलीय, चार बॉल बाहेर गेले की बरोबरी. मनात हिशेब सांगत होते तो हा. खरं म्हणजे ते मैदान तेच होतं, प्लेट तीच होती, आणि निकिता हेल्मेटच्या पट्ट्यात हनुवटी अडकवून राजेश्रीसारखीच दिसत होती.

पहिला बॉल बाहेर. दुसरा पट्ट्यात होता, निकिताने सोडला, स्ट्राइक. तिसरा बाहेर. पाय तिने मागे घेतलाच नव्हता, प्लेटला चिकटून उभी होती. मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायचं नाही असं ठरलेलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "सविता, हितं हाय व्हय तू?"

माझे सासरे, धोंडीबामामा. परभणीला डोळे दाखवायला आले होते आणि कोणीतरी त्यांना सुनेची म्याच चालू आहे म्हणून सांगितलं. लग्नाला आठ वर्षं झाली, मामांचा आवाज आला की माझा हात आपोआप वर जातो. आजही गेला. कमरेचा पदर सुटला आणि डोक्यावर आला. मी वळून मामांना वाकायला लागले आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

पदर खाली ओढायलाही वेळ नव्हता. बॅटचा आवाज आला. आधी मला तो दुसराच आवाज वाटला, गेल्या वर्षीचा, आणि मी खाली बसले. मग पोरींचा गलका ऐकला. बॉल दोघींच्या मधून कुंपणापर्यंत गेला होता, दोन पोरी घरी पोचल्या होत्या. सात-सहा. निकिता पहिल्या बेसवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून दम घेत होती. चेहरा शाबूत होता. मी तो दहा वेळा बघितला.

सगळे माझ्याकडे पळत आले. भगवानराव सर म्हणाले, मॅडम, ऐन वेळेला मार दिलात, मानलं तुम्हाला. माझ्या डोक्यावर अजून पदर होता. मामांना वाटलं टाळ्या पाहुण्याला चाललेल्या आहेत, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

२७ सप्टेंबर

शाळेच्या ग्रुपवर माझा फोटो फिरतोय. डोक्यावर पदर, खाली बसलेली. खाली लिहिलंय, विजयाचा इशारा.

तो बॉल छातीच्या उंचीला आणि अंगाजवळ आला होता, असं पोरी म्हणतात. अजून वीतभर वर असता तर? मी ठरवलं नव्हतं. मी बघतही नव्हते. मी सासऱ्यांसाठी पदर घेतला आणि एका पोरीचा चेहरा पणाला लागला. राजेश्रीच्या वेळी निदान मी खेळ बघत तरी होते.

विभागीय स्पर्धा जालन्याला आहे. मी जाणार नाही. सरांसाठी अर्ज लिहून ठेवलाय, पाठदुखी म्हणून. पाठ खरंच दुखतेय.

१ ऑक्टोबर

अर्ज पर्समध्येच होता. सरांच्या खोलीबाहेर दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्या वेळी क्रीडा साहित्याच्या खोलीत निकिता दिसली. फडक्याने बॅटी पुसत बसली होती. मला वाटलं सरांना खोटं सांगायचं असेल तर हिला आधी खरं सांगावं.

मी खोक्यावर बसले आणि सगळं सांगितलं. तो इशारा नव्हता. मामा आले म्हणून पदर घेतला. तू मार समजून मारलंस, तुला लागलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं, वगैरे वगैरे. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली.

मग म्हणाली, "मॅडम, मी पदर बघितलाच न्हाई."

मला कळेना. मी विचारलं, मग तुला मार म्हणून कोणी सांगितलं?

"कोन सांगनार? बॉल चांगला आला, मारला."

मी विचारलं, त्याच्या आधीचे? तिने बॅट मांडीवर आडवी ठेवून मला समजावून सांगितलं, मी विद्यार्थिनी असल्यासारखं. पहिला आणि तिसरा तर लांबूनच चालले होते. दुसरा चांगला होता, पण तिचा पाय उशिरा उठला, तेव्हा बॅट फिरवली असती तर वेडीवाकडी लागली असती, म्हणून जाऊ दिला. चौथ्याला पाय वेळेवर उठला. मी म्हटलं, तो तुझ्या तोंडाजवळ होता. ती म्हणाली, न्हाई मॅडम, हितं होता, आणि छातीखाली हात लावून दाखवला.

हे सगळं तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं बहुतेक, तरी विचारलं.

राजूताईनं, म्हणजे राजेश्रीनं. दोन महिने रोज, वाडग्यामागे. राजेश्री चिंध्यांचे बॉल टाकते. मारायचे नाहीत. निकिताने नुसतं बघायचं आणि बॉल पोचायच्या आत 'हाय' किंवा 'न्हाई' म्हणायचं. शंभर झाले की मग बॅट हातात. कुंपणाशी ती कशाला उभी राहायची तेही कळलं. निकिता कुठला बॉल ओळखायला चुकते ते बघायला.

निकिता बॅट पुसता पुसता म्हणाली, "राजूताईचा एकच नियम हाय. बॅट हातात असली की मॅडमकडं बघायचं न्हाई. तिनं बघितलं होतं, म्हणून..."

तिने जीभ चावली. मी म्हटलं, म्हणून काय? ती बॅटीची मूठ पुसायला लागली.

"म्हणून तिला लागलं," ती म्हणाली.

२ ऑक्टोबर

गांधी जयंतीचं प्रतिमापूजन, स्वच्छता वगैरे आटोपून अकरा वाजता राजेश्रीच्या घरी गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. सगुणाबाई दारात कापसाची बोंडं निवडत होत्या. त्यांनी तांब्या आणून ठेवला, तोच असेल बहुतेक. मी या वेळी पाणी प्यायले.

राजेश्री बाहेर आली. घरात तिला स्कार्फ नव्हता. दोन नवे दात बसवलेत, बाकीच्यांपेक्षा जरा पांढरे. मी तिला सरळ विचारलं की त्या दिवशी मी ओरडले म्हणून तू वळून बघितलंस का.

"हो मॅडम," ती म्हणाली. "तुमी नाव घेतलं ना माझं. मॅडमनी नाव घेतलं की वळून बघायचं, पयलीपासून तसंच शिकवलंय आमाला. मार म्हणलात ते तर मला ऐकूच आलं न्हाई."

दहा महिने मी चुकीच्या शब्दाला घाबरत होते. त्याच्यापायी पोरींना हातभर लांब उभं केलं, खांब केले त्यांचे, दैवशालाचा दंड सुजवला. मला तिथेच रडू आलं. माफी मागितली तर ती ओशाळली, माझ्याकडे बघेना. सगुणाबाई आतून म्हणाल्या की पोरगी रोज म्हणायची मॅडमला सांगते, पण मॅडम पाठ फिरवतात. त्या रागावून बोलल्या नाहीत. त्याने जास्त लागलं.

मी राजेश्रीला जालन्याला बरोबर येशील का विचारलं. तिने आईकडे बघितलं. सगुणाबाई बोंडं निवडत राहिल्या आणि मग विचारलं, बॉल तिच्याकडं येनार न्हाई ना? मी येणार नाही असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मला ते माहीत नाही. मी म्हटलं, येऊ शकतो, पण ती बघत असेल. सगुणाबाईंनी बोंडांची पाटी बाजूला सारली. शेवटी म्हणाल्या, दुपारची भाकर बांधून देते मग.

१७ ऑक्टोबर

जालना. हरलो, सहा-चार. पोरींनी सात बॉल मारले, चार सोडायचे होते ते मारले आणि दोन मारायचे होते ते सोडले. दैवशाला बाद झाली तरी नाचत परत आली, बॅटला बॉल लागला म्हणून.

मी कॅचरच्या मागे जाळीपलीकडे बसले होते, बॅटरला मुद्दाम वळल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. पदराचा एक कोपरा तोंडात धरला होता, नाव निघू नये म्हणून. राजेश्री शेजारी होती, स्कार्फ गळ्यात.

भीती गेलेली नाही. निकिता पहिल्यांदा प्लेटवर उभी राहिली तेव्हा राजेश्रीचा हात मी इतका दाबला की तिने सोडवून घेतला. पिचरने हात फिरवला. निकिता प्लेटला चिकटून होती आणि तिने कोणाकडेही बघितलं नाही.

पहिला बॉल तिने सोडला. सोडायचाच होता, असं राजेश्री म्हणाली. मला तर तो मारण्यासारखा वाटला होता.